सहा, सतरा, अठ्ठावीस

“झाकण भांड्याच्या खाली आलंय, काका,” क्षितिजा मॅडम म्हणाल्या आणि हातातलं भिंग त्यांनी खोक्याच्या कडेवर ठेवलं. “असं कसं होईल? झाकण खाली, भांडं वर?”

मी पाण्याची बाटली धरून उभा होतो. दगडावर पाणी फवारलं की त्यातले थर उठून दिसतात. कालपासून ते काम माझ्याकडे होतं. मी आणखी थोडं पाणी मारलं.

वळ गावात तेव्हा गोडाऊनांची रांग वाढतच होती. दोन हजार सातचा जानेवारी. आमच्या डाव्या हाताला टीव्हीचे खोके होते, उजव्या हाताला साबण. आमच्या गोडाऊनमध्ये दगड होते. लाकडाच्या तेहतीस लांबट खोक्यांत काकडीसारखे उभे चिरलेले गोल दगड. कोकणाच्या समोर, किनारा दिसेनासा होतो तिथे, कंपनीने पूर्वी कधीतरी समुद्राच्या तळात एक विहीर पाडली होती. तिच्यातून अडीच किलोमीटर खोलवरून हे दगड नळीने उपसून आणले होते. मी त्यांचा वॉचमन. सहा वर्षं मी त्यांच्या उशाला झोपत होतो. पण ते कशासाठी ठेवलेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीने दगड तपासायला पाठवलेल्या मॅडमनीच ते पहिल्यांदा सांगितलं.

त्यांनी ते काल फरशीवर खडूने काढून दाखवलं होतं. करोडो वर्षांपूर्वी इथली जमीन दोन्ही बाजूंनी ताणली गेली. मधली पट्टी खचली. त्या खचात आधी तळी झाली, मग समुद्र शिरला, आणि गाळ साचत गेला. तळाशी कुजलेल्या शेवाळाचा काळा दगड. त्यातून गॅस निघतो. त्याच्या वर वाळूचा दगड, म्हणजे भांडं. गॅस त्यात मुरून राहतो. आणि त्याच्या वर चिकणमातीचा दगड, म्हणजे झाकण. झाकण नसेल तर सगळा गॅस केव्हाच उडून गेलेला असतो.

“एवढ्या मोठ्या खचात आजवर दोनच विहिरी झाल्यात,” त्या म्हणाल्या होत्या. “दुसरीतून दगड आणलेच नाहीत. त्यामुळे समुद्राखाली काय आहे ते सांगणारे साक्षीदार म्हणजे ही तुमची तेहतीस खोकी.”

आज सकाळपासून साक्षीदार खोटं बोलत होते. मॅडमकडे कागदाची एक लांब पट्टी होती. विहीर पाडली तेव्हा आत यंत्र सोडून काढलेला आलेख. कुठल्या खोलीवर कुठला दगड, हे ती वळणावळणाची रेघ सांगायची. रेघ एक सांगत होती आणि खोकी दुसरंच.

दहाच्या सुमारास केसरीनाथशेठ आले. गोडाऊन त्यांचं. बापजाद्यांची भाताची जमीन होती, तिच्यावर आता सहा शेड उभ्या होत्या. दारातूनच ओरडले, “बालाराम! तुजी दगडां कवा हलतान रे?”

“मॅडम बघतात ना शेठ.”

“बघूनशी काय व्हनार? अरे, टीव्हीवालं जागेचं डबल भारं देतंय मना. आन मी हितं दगडां सांभालतंय. मॅडम, सोनं हाय का त्याच्यान?”

“गॅस आहे का ते बघतोय,” मॅडम म्हणाल्या.

“गॅस? मंग आमचे घरान लय हाय,” शेठ पोटावरून हात फिरवत म्हणाले आणि स्वतःच हसले. जाताना मात्र हळूच मला म्हणाले, “कंपनीनी जागा सोरली त तुजा काय? टीव्हीवाल्यांना तरना वॉचमन पायजे.”

तो प्रश्न मी सकाळपासून मलाच विचारत होतो.

बारा वाजता मॅडम कमरेवर हात ठेवून उठल्या. चेहरा उतरला होता. “तेहतीसपैकी तीनच खोकी आलेखाशी जुळतात. सहा, सतरा आणि अठ्ठावीस. बाकी तीस कुठल्या कुठे आहेत. कोणीतरी पत्त्यांसारखी पिसलीत ती.”

“मग आता?”

“चारला साहेबांना फोन करायचाय. सांगावं लागेल, नमुने भरवशाचे नाहीत. मग अहवालात या खचापुढे शून्य पडेल, कंपनी तो सोडून देईल.” त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. “आणि ही भरावात जातील. काका, पुरात काय झालं होतं नक्की?”

“पाणी आलं,” मी म्हणालो. “लेबलं गेली. मी नवी लिवली.”

हे खरं होतं. पण सगळं नव्हतं.

मी दिघाशी गावचा. आयुष्यातली बावीस वर्षं मी विहिरी खोदल्या. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, टोपलीत भरून यारीने वर धाडायचा. आधी माती निघते, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण. अक्षर मला एक येत नव्हतं, पण ढिगाऱ्यातला दगड उचलून तो किती पुरुष खोलीचा हे मी सांगायचो. गुडघे गेले तेव्हा ही वॉचमनची नोकरी धरली. आणि चौपन्नाव्या वर्षी विहारातल्या साक्षरता वर्गात जाऊन बसलो. दोन हिवाळे गेले. अ पासून सुरुवात करून मी शेवटी स्वतःचं नाव, बायकोचं नाव, गावाचं नाव आणि हजारांतले आकडे लिहायला लागलो. माझी बायको मीराबाईही वर्गात यायची. ती महिन्याभरात सुटली. म्हणाली, “तुमी शिका. घरात एक शाना बास हाय.”

त्यानंतरच्याच पावसाळ्यात, दोन हजार पाचच्या जुलैत, खाडी वर आली. गोडाऊनमध्ये कमरेच्या खाली पाणी उभं राहिलं. तीन मांडण्या होत्या, एकेकीत वरपासून खालपर्यंत अकरा खोकी. खालची चार-चार पाण्यात बुडाली. त्यांची कागदी लेबलं सुटून चिखलात गेली. वरची सात-सात नुसती ओलसर झाली होती. त्यांची लेबलं कडेने उचलली होती, पण शाबूत होती. नीट वाचता येत होती.

ती मी काढली. माझ्या हाताने, नखाने खरवडून काढली.

का काढली, हे मी दीड वर्षात कोणाला सांगितलं नव्हतं. मला लिहायचं होतं. बारा लेबलं लिहावी लागणारच होती. मग वाटलं, अर्धी टाइप केलेली आणि अर्धी माझ्या हातची कशाला? सगळीच एका हातची करू. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षराचं कोणाला काम पडलं होतं आणि ते काम मला बारावर संपू द्यायचं नव्हतं. रजिस्टर वरच्या फळीवर कोरडं राहिलं होतं. त्यातला पहिला आकडा पहिल्या खोक्यावर, दुसरा दुसऱ्यावर, असं चार दिवस बसून मी तेहतीस लेबलं लिहिली. वर ‘खोके क्रमांक’, खाली खोली. महिन्याने कंपनीचे साहेब येऊन गेले. म्हणाले, “अक्षर कोणाचं?” मी म्हणालो, “माझं.” म्हणाले, “छान आहे.” सगळी लेबलं पाण्यात गेली, असं मी त्यांना सांगितलं. ते ‘छान आहे’ मी कितीतरी दिवस पुरवून वापरलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत गेलो. आम्ही दोघं तिथेच राहायचो. मॅडमना मीराबाईने ताट आधीच पाठवलं होतं. ते त्यांनी तसंच झाकून ठेवलं होतं.

मीराबाईने फडक्यातल्या तीन भाकऱ्या एकेक करून माझ्या ताटात ठेवल्या. फडक्यात वर होती ती करपलेली. ती ताटात तळाशी गेली. तळाची वर आली. मधली मधेच राहिली.

मी ताटाकडे बघत राहिलो.

“करपलेली मी खाते. तोंड नका वाकडं करू,” ती म्हणाली.

“भाकरीचं न्हाय गं. पुराच्या टायमाला आपन खोकी कशी रचली?”

“कशी म्हंजे? एक कडा तुमी, एक कडा मी. मांडणीवरनं काढायचं आन साबनवाल्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायचं. एकावर एक. माजी कंबर अजून बोलते.”

“मांडणीवरनं वरचं आधी काढलं?”

“मंग खालचं आधी निघल का?”

“म्हंजे वरचं खोकं ओट्यावर तळाला गेलं.”

“हा मंग. मी तवाच बोलली व्हती. बोलली का न्हाय? अवो, हे समदं उलटं होतंय. तर तुमी काय बोललात मना?”

“काय बोललो?”

“बोललात, रजिस्टर हाय ना. तुला काय कळतं त्यातलं!” तिने कालवणाची वाटी ताटात आपटली. “शाळंत गेलेला मानूस.”

लेबलं मी ओट्यावरच, ढिगाच्या वरून खाली लिहीत गेलो होतो. मी बोटांवर मोजलं. तीन मांडण्या, तीन ढीग, अकरा-अकरा खोकी. ढीग उलटा झाला तर एक अकराच्या जागी जातं, दोन दहाच्या. हलत नाही ते फक्त मधलं. पहिल्या ढिगात मधलं सहावं. दुसऱ्यात सतरावं. तिसऱ्यात अठ्ठाविसावं.

विहिरीच्या काठावरचा ढिगारा नेहमी उलटा असतो. जे शेवटी निघतं ते वर बसतं. काळा पाषाण ढिगाच्या माथ्यावर आणि शेतातली माती तळाशी. हे लहान पोरालाही माहीत असतं आणि मी तर बावीस वर्षं तेच केलं होतं. त्या चार दिवसांत मी एकदा जरी दगडाकडे बघितलं असतं, तर कळलं असतं. मी रजिस्टरकडेच बघत होतो.

“भाकरी खा,” मीराबाई म्हणाली. “आन जाऊन सांगा तिला.”

“नोकरी जाईल.”

“जाईल.” तिने फडक्याची घडी घातली. “पोरगी दोन दिस फरशीवर गुडघं टेकून बसलीय. ताट बी उघडलं न्हाय तिनं.”

मी हात धुऊन उठलो. पंधरा पावलांचं अंतर असेल. ओल्या विहिरीत दोराने उतरणं याहून सोपं होतं.

मॅडम खोक्यावर बसून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. साहेबांना काय सांगायचं ते असावं.

“मॅडम, खोकी पिसलेली न्हाईत,” मी म्हणालो. “उलटी हाईत. तीन ढीग, तीनी उलटे. मीच केले.”

त्यांनी वर पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. ओटा, ढीग, रजिस्टर. आणि शेवटी तेही सांगितलं, जे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. “वरची एकवीस लेबलं चांगली होती. मी खरवडून काढली. मला लिवायचं होतं.”

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. बाहेर टेम्पो मागे घेताना कोणीतरी “आने दो, आने दो” ओरडत होता.

“दोन दिवस, काका,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्याला धार होती. “दोन दिवस तुम्ही माझ्या शेजारी उभे होता, पाणी मारत.”

“उलटं झालंय ते आता कळलं. जेवताना. पण लेबलांचं ठाऊक होतं.”

“आणि हे तरी मी खरं कशावरून मानू? आठवणीवर अहवाल लिहिता येत नाही.”

मी खोक्यांभोवती एक फेरी मारली. मग मला दिसलं. दीड वर्ष रोज झाडू मारताना दिसत होतं, पण बघितलं नव्हतं.

“मॅडम, पाणी खालच्या चारच खोक्यांना लागलं व्हतं. मांडणीतल्या सगळ्यात खोल चारांना. लेबलं बरोबर असती तर चिखलाचा डाग आठ ते अकराला पायजे.” मी एक नंबरच्या खोक्याचा तळ वर केला. लाकडात मातकट डाग मुरलेला होता. “हे सगळ्यात वरचं ना? मग हे कसं भिजलं?”

त्या उठल्या. एक, दोन, तीन, चार. डाग. पाच कोरडं. बारा ते पंधरा डाग. तेवीस ते सव्वीस डाग. आठ ते अकरा लाकूड कोरं. त्यांनी प्रत्येकाला बोट लावून बघितलं.

मग त्यांनी एक नंबर उचलायला हात घातला आणि मी दुसरी कडा धरली. एक अकराच्या जागी. दोन दहाच्या. पहिला ढीग लावायला अर्धा तास लागला. त्यांनी आलेखाची पट्टी फरशीवर खोक्यांच्या बाजूने उलगडली आणि गुडघ्यांवर सरकत पुढे पुढे गेल्या. मी पाणी मारत मागे.

“इथे रेघ आत येते,” त्या स्वतःशीच म्हणत होत्या. “वाळू. आहे. इथे बाहेर. चिकणमाती. आहे. अजून आहे...” त्यांनी बाटलीतून आम्लाचा थेंब टाकला. दगडावर फेस आला. “आणि हा चुन्याचा पातळ थर. इथेच हवा होता. इथेच आहे!”

अकराव्या खोक्यापाशी त्या फरशीवर बसल्या. पाय पसरून, भिंतीला टेकून. आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“झाकण वर आलं, काका.”

माझ्या छातीवरून एक धोंडा सरकला. दीड वर्ष तो तिथे होता, हे तो गेल्यावरच कळलं. मीराबाई दारात येऊन उभी होती. “झालं का मग? जेव बाय आता,” ती म्हणाली, आणि मॅडम खरंच जेवल्या. दोन भाकऱ्या. मग आम्ही उरलेले दोन ढीगही लावले आणि तेही आलेखाशी जुळले.

“मग गॅस हाय का त्यात?” मीराबाईने विचारलं.

“माहीत नाही, मावशी. भांडं आहे, झाकण आहे, तळाशी काळा दगडही आहे. पण भरलंय की रिकामं, ते पुन्हा विहीर पाडल्याशिवाय कळणार नाही. दहात दोनदा लागेल. फार तर.”

“आमच्या इहिरींचं बी तसंच असायचं,” मी म्हणालो. “पण दोनदा लागतं म्हनूनच लोक खनतात.”

चार वाजता त्यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. मॅडम म्हणत होत्या, “हो सर, क्रम उलटला होता. कळला. नमुने भरवशाचे आहेत... इथल्या माणसाने सर. हो, त्यानेच केलं. आणि त्यानेच सांगितलं... नाही सर, त्याने सांगितलं नसतं तर मी आत्ता तुम्हाला शून्य सांगत होते.”

फोन ठेवून त्या म्हणाल्या, “हे अहवालात लिहावं लागेल. तुमच्या नावासकट.”

“लिवा.”

मी आतून कोरे कागद आणि मार्कर आणला. म्हणालो, नवी लेबलं करतो. त्यांनी मान हलवली.

“आमच्याकडे खोडायचं नसतं. फाडायचं तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ. खालचा आकडा दिसला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा आणि सही. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी आलं तरी त्याला कळेल, काय चुकलं होतं आणि कोणी सुधारलं.”

मग मी पुन्हा तेहतीस खोक्यांपुढे बसलो. एकवर रेघ मारली, बाजूला अकरा लिहिलं, खोलीचा आकडाही तसाच सुधारला, खाली बाळाराम. दोनवर रेघ, दहा, बाळाराम. सहावर आलो आणि थांबलो. तिथे काही करायचं नव्हतं. सतरा आणि अठ्ठाविसावरही नाही. तीस लेबलांवर रेघा झाल्या आणि तीन लेबलं होती तशी राहिली.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आयुष्यात माझ्या नावाने आलेलं पहिलं पत्र. ताकीद होती. मी ते स्वतः वाचलं, दोनदा.

“काय लिवलंय?” मीराबाईने विचारलं.

“असं पुन्ना करू नको म्हनतात.”

“बरं लिवलंय,” ती म्हणाली.

उन्हाळ्यात खोकी न्यायला ट्रक आला. दगडांना आता किंमत आली होती. कंपनी ते आपल्या मोठ्या कोठारात नेणार होती, जिथे थंड हवा आणि लोखंडी मांडण्या होत्या. केसरीनाथशेठ सकाळपासून टीव्हीवाल्याला घेऊन जागा दाखवत फिरत होते. मला त्यांनी सांगितलं, “तू ऱ्हा रं. तरनी पोरां झोपतान.”

हमाल दोघं होते, उत्तरेकडचे, हाताला चपळ. त्यांनी पहिल्या मांडणीचं वरचं खोकं उचललं आणि ट्रकमध्ये तळाशी ठेवलं. दुसरं त्याच्यावर.

“रुको,” मी म्हणालो. “एक के ऊपर एक नहीं. बाजू में लगाओ.”

“अरे चाचा, नंबर लिखा है ना?”

“लिखा है. मैंने ही लिखा है,” मी म्हणालो. “इसीलिए बोलता हूँ, देख के रखो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लेबलाकडे. रेघ मारलेला आकडा, बाजूचा आकडा, खालचं नाव. त्याने खोकं उचलून बाजूला ठेवलं.

सहा नंबरची एक कडा मी स्वतः धरली.